शास्त्रीय नामांतील लॅटिन वर्णनपदे : शेलूबाजारच्या परिसरातील काही उदाहरणे

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे कारंज्याहून मालेगावकडे जाणाऱ्या मार्गावरील बाजाराचे गाव होय. या ग्रामनामाच्या पूर्वपदाशी जुळणारा एक शब्द संस्कृत कोशवाङ्मयात आढळतो. अमरकोशात ‘शेलु’ हा शब्द ‘श्लेष्मातक’ या वृक्षाचा पर्याय म्हणून दिलेला आहे, आणि श्लेष्मातक म्हणजे मराठीतील भोकर. शेलू, सेलू अशी ग्रामनामे विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी असल्यामुळे त्यांचा या वृक्षाशी संबंध जोडण्याचा मोह सहज होतो. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ग्रामनामाचा निर्णय जुन्या लेखांत सापडणाऱ्या रूपांवरून करावयाचा असतो, आणि तो या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो वृक्षाच्या नावाचा.

‘श्लेष्मातक’ हे नाव ‘श्लेष्मन्’ या शब्दावरून आलेले आहे. भोकराचे पिकलेले फळ फोडले असता जो चिकट, ताणला जाणारा बलक निघतो, त्यावरून हे नाव पडले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने 1753 साली या वृक्षगणातील एका जातीस ‘कॉर्डिया मिक्सा’ असे नाव दिले. त्यातील ‘कॉर्डिया’ हे सोळाव्या शतकातील जर्मन वनस्पतिज्ञ वालेरिउस कोर्डुस याच्या स्मरणार्थ आहे, आणि ‘मिक्सा’ हा ग्रीक शब्द श्लेष्मा, शेंबूड या अर्थाचा आहे. संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही भाषांनी वृक्षाची उंची, पाने, फुले ही सर्व सोडून फळातील त्या चिकट बलकावरच बोट ठेवावे, हा योग मनोरंजक आहे. आता गंमत अशी की, आपल्याकडील भोकरास जुन्या ग्रंथांतून ‘कॉर्डिया मिक्सा’ म्हटले जात असले, तरी आज त्याचे मान्य नाव ‘कॉर्डिया डायकोटोमा’ असे आहे. ‘डायकोटोमा’ म्हणजे दुभंगत जाणारी, द्विशाखी. ‘मिक्सा’ हे नाव एका निकटच्या, पण वेगळ्या जातीकडे राहिले. भोकराचे फळ काही त्यामुळे कमी चिकट झाले नाही. वर्णन तंतोतंत लागू पडते, पण नाव लागू पडत नाही, अशी ही स्थिती आहे. शास्त्रीय नामांतील लॅटिन व ग्रीक पदे वर्णन करतात की केवळ निर्देश करतात, हा प्रश्न येथूनच उपस्थित होतो. आणि त्याचे उत्तर चुकल्यास प्रबंधांत, पाठ्यपुस्तकांत व शेतकऱ्यांसाठी काढलेल्या पत्रकांतही चुका होतात.

प्रथम संज्ञांविषयी. शास्त्रीय नाम द्विपद असते. पहिले पद वंशनाम, दुसरे पद जातीचे. हे दुसरे पद पुष्कळदा लॅटिन विशेषण असते आणि ते रंग, आकार, पृष्ठभाग, वासस्थान किंवा उपयोग सांगते. त्यास येथे वर्णनपद म्हटले आहे. लिनीअसच्या पूर्वी, आणि स्वतः लिनीअसच्या मते त्याच्या काळीही, जातीचे खरे नाव म्हणजे हे एक पद नव्हते. खरे नाव म्हणजे एक लहानसे लॅटिन वाक्यखंडच असे. त्यात त्या जातीस तिच्या भगिनीजातींपासून वेगळी करणारी सर्व लक्षणे ओळीने सांगितलेली असत. सोयाबीनच्या शेतात तण म्हणून उगवणारी रानपोपटी घ्यावी. तिच्या वाक्यनामात ती एकवर्षायू आहे, तिला अतिशय फांद्या फुटतात, त्या फांद्या कोनदार व गुळगुळीत असतात, आणि पाने दातेरी असतात, इतका मजकूर होता. 1753 च्या ‘स्पेसीज प्लांटारम’ या ग्रंथात लिनीअसने हे वाक्यनाम मुख्य मजकुरात ठेवले आणि समासात एक सुटे पद छापले : ‘अँग्युलाटा’, म्हणजे कोनदार. या समासातील पदास तो ‘नोमेन ट्रिव्हियाले’, म्हणजे सामान्य व्यवहारातले नाव, म्हणे. सोय म्हणून दिलेले हे पदच टिकले, आणि ज्यास तो खरे नाव मानीत होता ते वाक्यनाम मागे पडले.

या घटनेचे महत्त्व भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठे आहे. वाक्यनाम हे विधान होते. ते खरे किंवा खोटे ठरू शकत असे, आणि नवी भगिनीजाती सापडली की त्यात नवे लक्षण घालून ते बदलावे लागे. समासातील पद हे विधान नव्हते. ‘फायसॅलिस अँग्युलाटा’ म्हणजे ‘ही फायसॅलिस कोनदार आहे’ असे नव्हे. ‘जिला अँग्युलाटा म्हणतात ती फायसॅलिस’ एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या घरात गोरटेल्या मुलाचे नाव कृष्णा असावे आणि त्यामुळे कोणाचाही गोंधळ होऊ नये, त्यातलाच हा प्रकार. पाच लक्षणांतील एक उचलले गेले आणि ते उचलले जाताच त्याचे वर्णनाचे काम संपून निर्देशाचे काम सुरू झाले.

अर्थाचे बंधन सुटले तरी व्याकरणाचे बंधन मात्र सुटले नाही, ही या पद्धतीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. वर्णनपद विशेषण असेल तर त्याचे लिंग वंशनामाच्या लिंगाप्रमाणे बदललेच पाहिजे. हा नियम इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास अवघड वाटतो, कारण इंग्रजी विशेषणाला लिंग नाही. मराठी भाषकास तो अवघड वाटण्याचे कारण नाही. ‘काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू’ म्हणणाऱ्यास लॅटिनमधील ‘नायजर, नायग्रा, नायग्रम’ ही त्रयी घरचीच वाटावी. खुरासानी ओवा ‘हायोसायमस नायजर’, काळी मोहरी ‘ब्रॅसिका नायग्रा’ आणि काळी मिरी ‘पायपर नायग्रम’. पद एकच, अर्थ एकच, तीन वंशनामांची तीन लिंगे. लागवडीचा या अर्थाचे ‘सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम’ हे पदही तसेच. काकडी ‘क्युक्युमिस सटायव्हस’, भात ‘ओरायझा सटायव्हा’, लसूण ‘ॲलियम सटायव्हम’. मराठीत सर्वच विशेषणे विकारी नाहीत. ‘लाल’, ‘कडू’, ‘गोड’ ही तिन्ही लिंगांत तशीच राहतात. लॅटिनमध्येही असा वर्ग आहे. ज्वारीचे ‘सॉर्गम बायकलर’ हे नाव याचे उदाहरण होय. सॉर्गम नपुंसकलिंगी असूनही ‘बायकलर’, म्हणजे दोन रंगांचे, हे पद बदलत नाही. सागाच्या ‘टेक्टोना ग्रँडिस’मधील ‘ग्रँडिस’ या दोहोंच्या मधले. पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एक आणि नपुंसकलिंगी ‘ग्रँडे’ वेगळे.

विद्यार्थ्यांची चूक होते ती वंशनामाचे लिंग त्याच्या अंत्यावरून ठरवण्यात. ‘-अस’ दिसले की पुल्लिंग, असे धरून ‘फायकस रिलिजिओसस’ असे लिहिणारे आढळतात. वस्तुतः पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’ आणि उंबर ‘फायकस रॅसिमोसा’ आहे. लॅटिनमध्ये वृक्षनामे परंपरेने स्त्रीलिंगी मानली जात आणि वनस्पतिनामकरणाच्या संहितेने ती परंपरा राखली आहे. म्हणूनच चिंचही ‘टॅमॅरिंडस इंडिका’, ‘इंडिकस’ नव्हे. मराठीत वड, पिंपळ, उंबर पुल्लिंगी आणि चिंच, बाभूळ, बोर स्त्रीलिंगी. त्या लिंगव्यवस्थेचा येथे उपयोग नाही. उलट, शेलूबाजारच्या माळरानावर पावसाळ्याच्या अखेरीस जी कुसळी माजते तिचे नाव ‘हेटरोपोगॉन कंटॉर्टस’. ‘पोगॉन’ म्हणजे दाढी, हा ग्रीक शब्द पुल्लिंगी आहे. म्हणून ‘कंटॉर्टस’, पिळलेला. मराठीने या गवतास कुसळांवरून नाव दिले, लॅटिनने त्या कुसळांच्या पिळावरून. धोतराला कुसळ लागून ते आत आत कसे शिरते हे ज्याने अनुभवले आहे, त्यास पिळाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ओल लागली की हा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि त्या हालचालीनेच बी जमिनीत शिरते.

वंश बदलला की विशेषणाचा अंत्य बदलतो, याचे चांगले उदाहरण शेजारच्या कारंजा गावाच्या नावाशी मिळतेजुळते आहे. करंज वृक्षास लिनीअसने ‘सिटिसस पिनाटस’ म्हटले होते. ‘पिनाटस’ म्हणजे पिसासारखी, मधल्या दांड्याच्या दोहों बाजूंस पर्णिका असलेली पाने ज्याची आहेत तो. पुढे तो वृक्ष ‘पोंगामिया’ या वंशात गेला, आणि वंशनाम स्त्रीलिंगी असल्याने ‘पोंगामिया पिनाटा’ झाला. पद तेच, कर्तृत्व त्याच लेखकाचे, प्राधान्य त्याच वर्षाचे. फक्त शेवटचा स्वर बदलला.

याला अपवाद आहेत, आणि ते अपवाद म्हणजे विशेषण नसलेली पदे. दुसरे पद नाम असेल तर ते वंशनामाशेजारी समानाधिकरणाने उभे राहते आणि त्याचे लिंग स्वतःचे असते. गाजरगवताचे ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ हे नाव पाहून पुष्कळांस शंका येते की नपुंसकलिंगी वंशनामापुढे ‘-अस’ कसे? उत्तर असे की ‘हिस्टेरोफोरस’ हे विशेषण म्हणून आलेले नाही. ते आधीच्या एका लेखकाचे वंशनाम होते आणि लिनीअसने ते नाम म्हणूनच दुसऱ्या पदाच्या जागी ठेवले. तिसरा प्रकार षष्ठीचा. कपाशीवरील माव्यास ‘एफिस गॉसिपाय’ म्हणतात. ‘गॉसिपाय’ म्हणजे ‘कपाशीचा’. मराठी शेतकरीही ‘कपाशीवरचा मावा’ असेच म्हणतो. फरक एवढा की, मराठीतील ‘कपाशीचा’ हे षष्ठ्यंत रूप विशेषणासारखे वागते आणि ‘कपाशीची अळी, कपाशीचे बोंड’ असे लिंग बदलते; लॅटिन षष्ठी मात्र एफिस स्त्रीलिंगी असली तरी हलत नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने मराठीतून लॅटिनकडे जाणाऱ्याची वाट येथे चुकू शकते.

प्राण्यांच्या नामकरणाची संहिता वेगळी आहे. तीही विशेषणाचे लिंग जुळवण्यास सांगते, परंतु पतंग-फुलपाखरांचे अभ्यासक पुष्कळदा हा नियम बाजूस ठेवून मूळ लेखकाचे रूप जसेच्या तसे ठेवतात. दुसरा भेद असा की, वनस्पतींत वंशनाम व जातिपद एकच असणे निषिद्ध आहे. प्राण्यांत ते चालते. नागाचे ‘नाजा नाजा’ हे नाव त्यामुळेच शक्य झाले, आणि ते दोन्ही वेळा आपल्याच ‘नाग’ या शब्दाचे लॅटिन वेषांतर आहे. तुरीचे ‘कजानस कजान’ या निषेधाच्या काठाकाठाने जाते. एका अंत्याच्या फरकाने ते वैध ठरते.

व्याकरणाइतके मात्र अर्थाचे चित्र नीटनेटके नाही. वर्णनपद ज्या क्षणी दिले गेले त्या क्षणी लेखकासमोर जो नमुना होता, त्याचे ते वर्णन असते, जातीचे नव्हे. पांढरी माशी कपाशीवर येते, सोयाबीन व मूग-उडदावर पिवळ्या मोझॅकचा रोग पसरवते, आणि तिचे नाव आहे ‘बेमिसिया टॅबॅसाय’, म्हणजे ‘तंबाखूची’. 1889 साली गेनाडियस याने तिचे प्रथम वर्णन केले ते ग्रीसमधील तंबाखूवरील नमुन्यांवरून. ज्या गावात तंबाखूचे रोपही नाही तेथेही ती तंबाखूचीच राहिली. सोयाबीनची पाने खाणारी ‘स्पोडोप्टेरा लिट्युरा’ ही अळी मराठी पत्रकांतून ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’ या नावाने येते. येथे तर लॅटिन पदाचा तंबाखूशी काही संबंध नाही. ‘लिट्युरा’ म्हणजे पुसून टाकलेल्या अक्षराचा डाग, शाईचा फराटा. मराठीतील नाव यजमान पिकावरून, लॅटिन नाव ठिपक्या-फराट्यांवरून, आणि दोन्ही सोयाबीनच्या शेतकऱ्याच्या उपयोगाची नाहीत.

कपाशीच्या नावांत हाच प्रकार अधिक स्पष्टपणे दिसतो. वऱ्हाडातील गावरान कापूस ‘गॉसिपियम आर्बोरियम’, म्हणजे वृक्षरूप. परंतु शेतात वर्षभरात पेरून काढलेल्या झुडपास वृक्ष कोण म्हणेल? या जातीची बहुवर्षायू, झाडासारखी वाढणारी रूपे होती व आहेत. नाव त्यांच्यावरून पडले, आणि शेतकऱ्याने निवडलेले एकवर्षायू रूप त्या नावाखाली आले. संकरित व बीटी वाणांची अमेरिकन कपाशी ‘गॉसिपियम हिर्सुटम’, म्हणजे केसाळ. हे वर्णन मात्र आजही उपयोगाचे आहे. पानांवरील लव दाट असली की तुडतुड्यांचा उपद्रव कमी होतो, हे कपाशीच्या पैदाशीत निवडीचे एक लक्षण ठरले आहे. त्या तुडतुड्याचे नावही चित्रमय आहे : ‘अम्रास्का बायगट्युला’. ‘गट्टा’ म्हणजे थेंब, ‘गट्युला’ म्हणजे थेंबुटा, आणि ‘बाय’ म्हणजे दोन. कीटकाच्या पुढच्या पंखांवर प्रत्येकी एक काळा ठिपका असतो. असे दोन थेंबुटे. भिंग हाती घेऊन पाहणाऱ्यास नाव येथे खरोखरच ओळख पटवून देते. गुलाबी बोंडअळीच्या ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’मधील ‘-एला’ हाही लॅटिनचा लघुत्वदर्शक प्रत्ययच आहे. परंतु येथे तो लहानपणा सांगण्यासाठी आलेला नाही. लिनीअसने लहान पतंगांच्या एका गटाच्या सर्व जातिपदांस ‘-एला’ आणि दुसऱ्या गटाच्या पदांस ‘-आना’ हे अंत्य लावण्याची प्रथा पाडली, आणि सॉन्डर्सने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून या अळीस नाव देताना ती पाळली. म्हणजे प्रत्ययाचा कोशातील अर्थ एक आणि या व्यवहारातील अर्थ निराळा.

सोयाबीनचे स्वतःचे नाव तर अधिकच बोधप्रद आहे. गेल्या काही दशकांत या परिसराचे मुख्य खरीप पीक झालेल्या या वनस्पतीस 1917 पासून ‘ग्लायसीन मॅक्स’ म्हणतात. ‘ग्लायसीन’ हे ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. सोयाबीनच्या दाण्यात गोडवा शोधणारा विद्यार्थी फसेल. लिनीअसने हे वंशनाम वापरले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उत्तर अमेरिकेतील एक वेल होता, ज्याचे जमिनीतील कंद गोडसर व खाद्य असतात. तो वेल पुढे ‘एपिऑस’ या वेगळ्या वंशात गेला. ज्याच्यामुळे नाव पडले तो निघून गेला आणि नाव मागे राहिलेल्यांना चिकटले. चिंचेची गोष्ट याहून गमतीची. ‘टॅमॅरिंडस’ हे अरबी ‘तमर हिंदी’ याचे, म्हणजे हिंदी खजूर याचे, लॅटिन रूप. त्यापुढे पुन्हा ‘इंडिका’. एकाच नावात हिंदुस्थान दोनदा आला, आणि वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. शिवाय चिंच काही खजूर नव्हे.

कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटाचे ‘अँटिलोपे सर्विकॅप्रा’ हे नाव वर्णनपदाच्या एका वेगळ्या गुणाचे दर्शक आहे. ‘सर्व्हस’ म्हणजे सांबरकुळातील हरीण, ‘कॅप्रा’ म्हणजे शेळी. ‘सर्विकॅप्रा’ म्हणजे हरीण-शेळी. लिनीअसने 1758 साली हा प्राणी शेळीच्याच वंशात घातला होता. मराठीत काळविटास आपण सरसकट हरीण म्हणतो. प्राणिशास्त्र त्यास गाई-शेळ्यांच्या कुलात बसवते, कारण त्याची शिंगे पोकळ व न गळणारी असतात. या जोडशब्दाने त्याचे दोहोंशी दिसणारे साम्य पकडले, आणि तेवढ्यापुरते ते ‘काळवीट’ या नावाहून व्यापक आहे, कारण काळा रंग प्रौढ नराचाच असतो. मादी पिंगट असते.

येथवरची उदाहरणे पाहून लोकभाषेतील नावेच अधिक बरी असे कोणी म्हणेल, तर तेही टिकणार नाही. मराठीतही वर्णनपदे आहेत. तीही द्विपद नामे करतात, फक्त क्रम उलटा, विशेषण आधी. कडूनिंब, गोडनिंब, बकाणनिंब या तिन्ही नावांत ‘निंब’ हे जणू वंशनाम आहे. वनस्पतिशास्त्रात मात्र हे तीन वेगवेगळे वंश असून, कढीत पडणारा गोडनिंब तर कुलानेही वेगळा, लिंबू-संत्र्याच्या कुलातला. मराठीचा ‘निंब’ पानांच्या ठेवणीवरून ठरला, शास्त्राचा वंश फुलाफळांवरून. गाजरगवत गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. पळसाला मराठीने पाने तीनच म्हणून म्हणीत बसवले. शास्त्राने त्याच पळसास ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’, एकबीजी, म्हटले, कारण तीन पर्णिका पांगाऱ्यापासून तुरीपर्यंत या कुलात कितीतरी ठिकाणी आढळतात, पण चपट्या शेंगेच्या टोकाशी एकच बी ही गोष्ट वेगळेपणाची होती. म्हणीस जे नेहमीचे, सर्वत्र सारखे दिसणारे ते हवे असते. नामकर्त्यास जे वेगळे ते.

लोकनामांची खरी अडचण निराळीच आहे, आणि ती शेलूबाजारच्या शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. हरभऱ्यावर जी घाटेअळी, तीच तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, आणि तीच कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. तीन पिके, तीन नावे, कीटक एक : ‘हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा’. कपाशी व तूर शेजारी शेजारी उभी असताना आणि नंतर रब्बीत हरभरा पेरला जात असताना, ही एकाच किडीची एका पिकावरून दुसऱ्यावर जाणारी पिढ्यांची साखळी आहे, हे तीन नावांवरून उमगत नाही. मराठी नावे नुकसानीच्या जागेवरून पडलेली आहेत, आणि त्या दृष्टीने ती निर्दोष आहेत. शेतकरी जे पाहतो तेच सांगतो. पण ओळख पटवावयाची असेल तेव्हा एका नावाची गरज भासते. ‘आर्मिजेरा’ म्हणजे शस्त्रधारी. या अळीजवळ कोणते शस्त्र आहे, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. 1965 मध्ये तिचा वंश बदलून ‘हेलिओथिस’चे ‘हेलिकोव्हर्पा’ झाले, तरी दुसरे पद कायम राहिले, आणि त्यामुळे त्याआधीच्या अहवालांशी दुवा तुटला नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या जुन्या व नव्या पत्रकांत दोन वंशनामे दिसली, तरी ‘आर्मिजेरा’ या पदावरून कीड एकच असल्याचे कळते. वर्णन म्हणून निरर्थक झालेले पद निर्देश म्हणून किती काम करते, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

हाच विचार परिभाषेच्या वादात निर्णायक ठरला. विदर्भाशी या वादाचा निकटचा संबंध आहे. डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे राहून संस्कृत धातू-प्रत्ययांच्या आधारे शास्त्रीय परिभाषेचे जे अवाढव्य कार्य केले, त्यात शास्त्रीय नामांचाही समावेश होता. के. एन. दवे यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला, भारत, ब्रह्मदेश व सिंहल येथील पक्ष्यांची भारतीय शास्त्रीय नामावली देणारा ग्रंथ 1949 साली नागपूरहून प्रसिद्ध झाला. व्यासंग म्हणून त्याचे मोल मोठे आहे. संस्कृत वाङ्मयातील पक्षिनामे धुंडाळून ती आजच्या पक्ष्यांशी जुळवण्याची शिस्त त्यातून लागली. परंतु लॅटिन पदाचे भाषांतर करणे म्हणजे ते वर्णन आहे असे मानणे. ‘टॅबॅसाय’चे ‘तमाखुजा’ करून मराठी वाचकास अधिक काही समजणार नाही. समजेल ते चुकीचे. 1961 साली स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने द्विपद नामे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि मराठी विश्वकोशानेही मराठी नाव देऊन पुढे लॅटिन नाव देण्याची रीत पाळली. हा निर्णय योग्यच होता. वर्णनपदाचा अर्थ टीपेत सांगावा, नावात घालू नये.

भाषांतराऐवजी दुसरी एक वाट मात्र प्रारंभापासून खुली होती, आणि ती महाराष्ट्रातच चोखाळली गेली होती. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल साइक्स याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 साली लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळात सादर केली. त्यात आपल्याकडील घारीस त्याने ‘मिल्व्हस गोविंदा’ हे नाव दिले, आणि एका चंडोलास ‘देवा’. घार आज ‘मिल्व्हस मायग्रन्स’ या व्यापक जातीची एक उपजाती मानली जाते, पण उपजातीचे पद ‘गोविंदा’ हेच आहे. लॅटिन वर्णमालेत लिहिले व मान्य रीतीने प्रसिद्ध केले की कोणत्याही भाषेतील शब्द हे दुसरे पद होऊ शकते. लॅटिन असणे म्हणजे लॅटिनसारखे वागणे, एवढीच अट आहे. वनस्पतींच्या नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याचे बंधन 1935 पासून होते. 2012 पासून ते इंग्रजीतही चालते. नाव मात्र लॅटिन वळणाचेच.

नाव अयोग्य आहे एवढ्यावरून ते टाकता येत नाही, असे वनस्पतींची संहिता स्पष्ट सांगते, आणि त्यासाठी ‘सिला पेरुव्हियाना’ हे उदाहरण देते. ही वनस्पती भूमध्यसागराच्या काठची, पेरूशी तिचा संबंध नाही. आपला पांगारा ‘एरिथ्रिना व्हेरिगाटा’, म्हणजे चित्रविचित्र पानांची. तशी पाने बागेतील काही झाडांना असतात, रानातल्या पांगाऱ्याची पाने साधी हिरवी. नाव तरी तेच. या नियमास पहिला मोठा अपवाद 2024 साली माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत केला गेला. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांस हिणवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दाशी जुळणारे ‘कॅफ्रा’ हे पद असलेली दोनशेहून अधिक नावे बदलण्याचा ठराव मतदानाने संमत झाला. पांगाऱ्याची आफ्रिकी भगिनी ‘एरिथ्रिना कॅफ्रा’ आता ‘एरिथ्रिना अफ्रा’ झाली. आरंभीचे एक व्यंजन गळले आणि पदाचा अर्थ ‘आफ्रिकेची’ असा झाला. अंत्यस्वर तोच राहिला, कारण एरिथ्रिना स्त्रीलिंगी आहे.